पाटीवर न मावणारी नावं

एडिसनच्या प्रयोगशाळेत फ्रेड ऑट नावाचा एक कारागीर कामाला होता. १८९४ च्या जानेवारीत त्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, नाकाशी तपकीर दिली आणि शिंकायला सांगितलं. झुबकेदार मिशांचा हा माणूस हातात रुमाल घेऊन उभा राहतो, तोंड वेडंवाकडं करतो आणि शिंकतो. सगळा मामला पाचेक सेकंदांचा. या चित्रपटाची सरकारदरबारी नोंद झाली ती ‘एडिसनच्या कायनेटोस्कोपने घेतलेली एका शिंकेची नोंद, ७ जानेवारी १८९४’ अशा नावानं. नाव वाचून संपेपर्यंत शिंक होऊन गेलेली असते.

असं नाव पडण्यामागे कारण होतं. अमेरिकेच्या कायद्याला तेव्हा चित्रपट ही वस्तूच ठाऊक नव्हती. हक्क नोंदवायचे तर छायाचित्र म्हणून नोंदवावे लागत. म्हणून त्या फितीतली ४५ चित्रं कागदावर ओळीनं छापली आणि तो कागद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा केला. पुस्तकाचं पान आपण वाचतो तशी ती वाचायची, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. ऑटचं डोकं हळूहळू मागं जातं, मग झटक्यात पुढं येतं. १९१२ मध्ये कायद्यानं चित्रपटाला स्वतःचा रकाना दिला, तोवर असे हजारो कागद तिथे साठले होते. मूळ फिती कुजल्या, जळाल्या, कागद टिकला. त्या काळाच्या कितीतरी चित्रपटांची आज ओळख पटते ती या कागदांमुळे आणि त्यांच्यासोबत नोंदवलेल्या लांबलचक, कारकुनी नावांमुळे.

सुरुवातीच्या सगळ्याच चित्रपटांची नावं अशी होती. नाव म्हणजे वर्णन. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे सहा चित्रपट दाखवले गेले, त्यांत आगगाडीचं स्थानकात येणं होतं, समुद्रस्नान होतं, भिंत पाडणं होतं आणि कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार होते. पडद्यावर जे दिसणार तेच नावात. आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि पुढे केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या परांजप्यांचं स्वागत टिपलं, तेव्हाही नाव म्हणजे घडलेल्या गोष्टीची नोंदच होती. आपण काहीतरी ‘निर्माण’ केलंय आणि त्याचं बारसं करायचंय, हे अजून कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मग चित्रपटाचा धंदा झाला आणि नावं आखडली. थिएटरच्या दर्शनी भागावरच्या खाचांमध्ये एकेक अक्षर बसवून नाव लावायचं असे. अक्षरं मोजकी, जागा मोजकी. वर्तमानपत्रातली जाहिरात रकान्याच्या मापानं पैसे खाते. आपल्याकडे तंबू टॉकीजची गाडी कर्णा लावून गावभर फिरायची, तिच्यातल्या माणसाला एका दमात ओरडता यावं असंच नाव लागायचं. हे सगळे रास्त व्यवहार आहेत, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण या व्यवहाराला न जुमानणारे काही चित्रपट निघाले. त्यातले बरेचसे आज फारसे कुणी पाहत नाहीत. त्यांच्याविषयी मला एक गोष्ट सांगायची आहे, ती अशी की लोकांनी ही नावं सोयीसाठी तोडली तेव्हा जवळजवळ दर वेळी नेमका तोच तुकडा गळून पडला, ज्याच्यासाठी चित्रपट काढला होता.

फ्रेड ऑटची शिंक याला अपवाद आहे, हे आधीच कबूल करतो. तिच्या सरकारी नावात शिंक आहे, यंत्र आहे, मालक आहे, तारीखही आहे; शिंकणारा माणूस मात्र नाही. लोकांनी तिला ‘फ्रेड ऑटची शिंक’ म्हणायला सुरुवात केली तेव्हा तो कारागीर नावात आला. तिथे लहान नावानंच न्याय केला.

लांब नावांचा एक जुना रस्ता ‘अथवा’ या शब्दावरून जातो. तो मराठी वाचकाला परका नाही. बाबा पदमनजींची १८५७ ची कादंबरी ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ अशा पुऱ्या नावाची आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये लिहिलेलं गद्य नाटक ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. त्याचं संगीत रूप १९१६ मध्ये ‘संशयकल्लोळ’ होऊन आलं आणि अथवा गेला. देवलांच्या या नाटकाचा उगम इंग्रजीमार्गे थेट मोलिएरपर्यंत जातो आणि मोलिएरच्या १६६० च्या त्या नाटकाच्या नावातही ‘अथवा’ आहेच. अडीचशे वर्षं, तीन भाषा आणि एक उभयान्वयी अव्यय.

हा ‘अथवा’ १९६४ मध्ये अमेरिकेत एका चमत्कारिक भांडणाला कारण झाला. स्टॅन्ली कुब्रिकचा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ तेव्हा येऊ घातला होता. त्याच्या पूर्ण नावात अथवाच्या पुढे ‘मी चिंता करणं सोडून बॉम्बवर प्रेम करायला कसा शिकलो’ असं आहे. त्याच सुमारास रे डेनिस स्टेकलर नावाचा एक तरुण ३८ हजार डॉलरमध्ये जत्रेतल्या भुताखेतांचा एक चित्रपट करत होता. त्याच्या नावाचा अर्थ होता ‘अतिविचित्र जीव अथवा मी जगणं थांबवून गोंधळलेला झोंबी का झालो’. कुब्रिकच्या चित्रपटामागच्या कोलंबिया कंपनीला हे साम्य खुपलं आणि तिनं दाव्याची धमकी दिली. स्टेकलरनं ‘अथवा’ आणि ‘मी’ दोन्ही काढले. उरलं ते ‘द इन्क्रेडिब्ली स्ट्रेंज क्रीचर्स हू स्टॉप्ड लिव्हिंग अँड बिकेम मिक्स्ड-अप झोंबीज’, आणि त्यापुढे दोन उद्गारचिन्हं व एक प्रश्नचिन्ह.

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण अशा चित्रपटांसाठीच असावी असं पहिल्यांदा वाटतं. नायक स्वतः स्टेकलर, दुसऱ्या नावानं. झोंबींचे मुखवटे घातलेली माणसं ऐन खेळात प्रेक्षकांत धावत सोडायची, ही प्रसिद्धीची तऱ्हा. पण पाट्या नीट वाचल्या की थांबावं लागतं. छायाचित्रण जोसेफ मॅसेली यांचं. चित्रीकरण शिकणाऱ्या पिढ्यांनी ज्यांचं ‘फाइव्ह सीज ऑफ सिनेमॅटोग्राफी’ हे पुस्तक हाताशी ठेवलं ते हेच, आणि ते पुस्तक पुढच्याच वर्षी निघालं. त्यांच्या हाताखाली कॅमेऱ्यावर दोन हंगेरियन तरुण होते, विल्मोश झिगमंड आणि लास्लो कोवाच. १९५६ मध्ये बुडापेस्टच्या रस्त्यांवर रशियन रणगाडे आले तेव्हा या दोघांनी उठावाचं चित्रीकरण केलं आणि ती रिळं घेऊन सरहद्द ओलांडली. अमेरिकेत त्यांना पहिली कामं मिळाली ती असल्या चित्रपटांत. पुढे कोवाचनं ‘ईझी रायडर’ टिपला, झिगमंडला ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’साठी ऑस्कर मिळालं. गोंधळलेल्या झोंबींच्या त्या चित्रपटात जत्रेचे रंग अंधारात जसे पेटतात, ते पाहताना या दोघांचा हात ओळखू येतो. कथलाचा वाळा म्हणून फेकून द्यायची माझी छाती होत नाही.

रॉजर कॉर्मनचा १९५७ चा चित्रपटही याच जातीचा, ‘व्हायकिंग स्त्रियांची गाथा आणि महासर्पाच्या सागराकडे त्यांचा प्रवास’ अशा अर्थाच्या नावाचा. तो ज्या कंपनीसाठी निघाला तिथे नाव आणि पोस्टर आधी ठरत, चित्रपट मागाहून. महासर्प पडद्यावर फार थोडा दिसतो. नावातला सर्प मात्र चांगला ऐसपैस आहे.

नावाची पाटी बदलणं किती महागात पडू शकतं याचं एक उदाहरण इथेच सांगून टाकतो. जॉर्ज रोमेरोनं पिट्सबर्गजवळ केलेल्या चित्रपटाचं नाव आधी ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ होतं. १९६८ मध्ये वितरकानं ते बदलून ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केलं. जुन्या पाटीवर नावाखाली हक्काची सूचना होती, नव्या पाटीवर ती घालायची राहिली. तेव्हाच्या कायद्यानं सूचना नाही तर हक्क नाही. एवढा गाजलेला चित्रपट त्या एका पाटीपायी सार्वजनिक मालकीचा झाला आणि कुणीही त्याचं काहीही करायला मोकळा झाला. १९९१ मध्ये जेम्स रिफेलनं त्यावर नवे संवाद चढवले आणि त्याला जे नाव दिलं त्याचा मराठीत अर्थ लावायचा तर ‘दुष्ट, उत्परिवर्तित, नरकगामी, मांसभक्षक, अर्धमानवी, झोंबी झालेल्या जिवंत प्रेतांच्या हल्ल्याच्या दहशतीच्या सूडाच्या पुनरागमनाच्या नवरीच्या मुलाच्या पहाटेच्या दिवसाची रात्र, भाग २’ असा होतो. इंग्रजीत हे नाव रात्रीपासून सुरू होतं आणि प्रेतांपाशी संपतं. मराठीच्या षष्ठीला ते उलटं चालावं लागतं. सगळी प्रेतं ओलांडल्यावर कुठे रात्र येते. भाषेचा कणा असा एखाद्या लांब नावाच्या ओझ्याखाली स्पष्ट दिसतो.

आता ज्या नावासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं त्याकडे येतो.

पीटर वाइस हा जर्मनीत जन्मलेला, वडील ज्यू म्हणून देशोधडीला लागून स्वीडनमध्ये स्थिरावलेला लेखक. तो चित्रकार होता, त्यानं स्वतः प्रायोगिक चित्रपट आणि माहितीपटही केले होते. त्याचं नाटक १९६४ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये रंगभूमीवर आलं, त्याच वर्षी पीटर ब्रुकनं ते लंडनमध्ये केलं आणि १९६७ मध्ये त्याचा चित्रपट केला. नाव असं, ‘शाराँतोंच्या वेड्यांच्या इस्पितळातील रुग्णांनी मार्क्वी द साद यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केलेला जाँ-पॉल मारा यांचा छळ आणि खून’.

या नावातले शब्द एकेक करून पाहावेत असे आहेत. मारा हा फ्रेंच राज्यक्रांतीतला जहाल पुढारी. त्वचेच्या रोगानं बेजार होऊन तो सतत पाण्याच्या टबात बसून काम करी. १३ जुलै १७९३ रोजी शार्लोत कॉर्दे नावाच्या तरुणीनं त्याला त्या टबातच सुऱ्यानं भोसकलं. ‘छळ आणि खून’ म्हणजे हा १७९३ चा प्रसंग. फ्रेंच लेखक साद पुढे खरोखरच शाराँतोंच्या इस्पितळात कोंडलेला होता, तिथल्या संचालकाच्या परवानगीनं तो रुग्णांना घेऊन खरोखरच नाटकं बसवी आणि पॅरिसची प्रतिष्ठित माणसं ती पाहायला जात. वाइसनं असं एक नाटक १३ जुलै १८०८ या दिवशी कल्पिलं. क्रांती होऊन गेलेली आहे, नेपोलियन सम्राट आहे. तेव्हा ‘दिग्दर्शनाखाली सादर केलेला’ म्हणजे १८०८. आणि आपण पाहतोय तो १९६७. तीन काळ एका नावात एकात एक बसवलेले आहेत.

ब्रुकच्या चित्रपटात कैदखान्यासारखे गज आहेत. गजांच्या अलीकडे प्रेक्षकांच्या काळ्या आकृत्या, पलीकडे न्हाणीघराच्या पांढुरक्या फरशीवर रुग्ण. शार्लोतचं काम ज्या रुग्ण बाईला दिलंय तिला झोपेचा आजार आहे. तिचा संवाद आला की तिला धरून उठवावं लागतं, हातात सुरा द्यावा लागतो. ग्लेंडा जॅक्सननं ही बाई केली आहे. तिचे डोळे मिटत असतात आणि मिटता मिटता ती खून करायला निघालेली असते. एका प्रसंगात साद उघड्या पाठीनं गुडघे टेकून क्रांतीविषयी बोलतो आणि ती आपल्या लांब केसांनी त्याच्या पाठीवर फटके मारते. केसांचा तो सपकारा ऐकू येतो. चाबूक असता तर अंगावर एवढा काटा आला नसता. संचालक अधूनमधून उठून आक्षेप घेतो, हा उतारा तर आपण गाळायचं ठरवलं होतं ना, असं विचारतो. शेवटी नाटक हाताबाहेर जातं आणि रुग्ण गजांवर तुटून पडतात.

या चित्रपटाला जग ‘मारा/साद’ म्हणतं. दोन माणसं आणि मध्ये एक तिरकी रेघ. एक म्हणतो जग बदललं पाहिजे, दुसरा म्हणतो माणूस आपल्या शरीरात कोंडलेला आहे. दोन विचारवंतांची जुगलबंदी. आणि रुग्ण गेले. नावातून गळाले ते नेमके तेच, ज्यांच्या तोंडी सगळं नाटक आहे, ज्यांना क्रांतीनं काही दिलं नाही आणि सम्राटानंही दिलं नाही, जे शेवटी गज हलवतात. पूर्ण नावात ते मारा आणि सादच्या बरोबरीनं उभे आहेत. वाइसला ते तिथे हवे होते. मी हे नाव जमेल तेव्हा पूर्ण घेतो, समोरचा घड्याळ पाहू लागला तरी.

लीना वेर्टम्युलरच्या बाबतीतही हेच झालं. रोममध्ये १९२८ मध्ये जन्मलेली, फेलिनीच्या ‘साडेआठ’वर सहायक म्हणून काम केलेली, दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेली जगातली पहिली स्त्री. पांढऱ्या चौकटीचा चष्मा ही तिची खूण. तिचं स्वतःचं पूर्ण नाव आर्कांजेला फेलीचे आसुन्ता पासून सुरू होऊन बरंच लांब जायचं. १९७८ च्या तिच्या एका चित्रपटाच्या नावात १७९ अक्षरं आहेत आणि गिनेसच्या पुस्तकात सर्वांत लांब नाव म्हणून त्याची नोंद झाली. अर्थ असा: ‘सिकुलियाना गावच्या हद्दीत एका विधवेपायी दोन पुरुषांत झालेला रक्तपात. राजकीय हेतूंचा संशय. प्रेम-मृत्यू-शिमी. सुंदर लुगानो. तारान्तेल्ला. तारालुच्ची आणि वाइन.’

पहिलं वाक्य पोलिसी पंचनाम्याचं आहे. मराठी दैनिकाच्या आतल्या पानावरची दोन इंची बातमी वाचावी तसं. सिकुलियाना हे सिसिलीतलं खरं गाव. काळ १९२० च्या दशकातला, मुसोलिनीचे काळ्या शर्टवाले वर चढत असतानाचा. विधवेचं काम सोफिया लॉरेनचं, तिच्यावर जीव टाकणारे दोघे म्हणजे एक समाजवादी वकील, मार्चेल्लो मास्त्रोयान्नी, आणि दुसरा अमेरिकेहून परतलेला गुंड, जियांकार्लो जियानिनी. शिमी हा त्या काळी अमेरिकेतून आलेला नाच, तारान्तेल्ला हा दक्षिण इटलीचा आपला नाच. लुगानोच्या उल्लेखामागे इटालियन अराजकवाद्यांचं एक जुनं निरोपाचं गाणं आहे. आणि तारालुच्ची म्हणजे कडबोळ्यासारखी छोटी बिस्किटं. ‘तारालुच्ची आणि वाइनवर संपलं’ असं इटालियन माणूस म्हणतो तेव्हा त्याला सांगायचं असतं की भांडण झालं, आरडाओरडा झाला, मग सगळे खायला-प्यायला बसले आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. एका गावातला रक्तपात कसा विसरला जातो, याची अख्खी पद्धत त्या शेवटच्या तीन शब्दांत आहे.

बाहेरदेशी हा चित्रपट ‘ब्लड फ्यूड’ नावानं गेला. रक्तरंजित वैर. विधवा आणि दोन पुरुष उरले. ‘राजकीय हेतूंचा संशय’ हे शब्द गेले, बिस्किटं आणि वाइन गेली.

तिच्या १९७३ च्या चित्रपटाचं दुःख याहून मोठं आहे. ‘प्रेमाचा आणि अराजकाचा चित्रपट, अथवा आज सकाळी १० वाजता व्हिया देई फियोरीवरच्या सुप्रसिद्ध वेश्यागृहात...’ पुन्हा ‘अथवा’ आणि वाक्य मध्येच तुटलेलं. तुनिन नावाचा एक खेडवळ तरुण मुसोलिनीला मारायला रोममध्ये येतो आणि वेश्यागृहात लपतो. जियानिनीनं चेहऱ्यावर ठिपके काढून, डोळे विस्फारून हा घाबरट शूर माणूस केला आणि कान महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. ज्या सकाळी त्यानं जायचं त्या सकाळी त्याच्यावर माया करणाऱ्या बायका त्याला उठवतच नाहीत. तो मरू नये म्हणून. जाग येते तेव्हा वेळ गेलेली असते. तो सैरभैर होऊन पोलिसांवर गोळ्या झाडतो, पकडला जातो आणि कोठडीत त्याला मारून टाकतात. नावाचा अथवानंतरचा भाग सरकारी निवेदनाच्या भाषेत आहे. वेळ दिली आहे, पत्ता दिला आहे, आणि काय झालं ते सांगायची वेळ येते तिथे तीन टिंबं. अशा राजवटीत बातमी कुठे तुटते ते वेर्टम्युलरनं नावातच तोडून दाखवलं. जगाला हा चित्रपट ‘लव्ह अँड अनार्की’ म्हणून माहीत आहे. वेळही नाही, पत्ताही नाही, टिंबंही नाहीत.

जाँ-मारी स्त्रोब आणि दानिएल युइये या जोडप्याचा १९७० चा चित्रपट म्हणजे ‘डोळे सदासर्वकाळ मिटू पाहत नाहीत, अथवा एखाद्या दिवशी रोम स्वतःची निवड स्वतः करील’. कॉर्नेयच्या सतराव्या शतकातल्या ‘ओतों’ या नाटकावरचा. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवरच्या अवशेषांत, प्राचीन रोमन पोशाखातली, बहुतेक हौशी माणसं भराभर फ्रेंच पद्य बोलतात आणि खालून आजच्या रोमच्या मोटारींचा आवाज येत राहतो. पुढचा सम्राट कोण, यासाठी दरबारी माणसं कट करत असतात. ज्यांच्यावर तो राज्य करणार ती माणसं पडद्यावर कधीच येत नाहीत. ती फक्त त्या मोटारींच्या घरघरीत आणि नावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहेत. वितरकांनी आणि पुस्तकांनी नाव ‘ओतों’ केलं. म्हणजे जो सम्राट होणार त्याचं नाव ठेवलं आणि रोमची निवड काढून टाकली.

आपल्या घरचंही एक उदाहरण आहे, जरी ते तितकं अपरिचित नाही. सईद अख्तर मिर्झांचा १९८० चा ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’. मुंबईतला गोवेकर ख्रिस्ती मोटार मेकॅनिक, नसिरुद्दीन शाह. बड्यांच्या गाड्या दुरुस्त करता करता स्वतःला त्यांच्यातला समजणारा आणि संपकरी कामगारांवर चिडणारा. वडील गिरणीत. संपात त्यांना मारहाण होते तेव्हा अल्बर्टच्या रागाला खरी दिशा सापडते. नाव म्हणजे एक प्रश्न आहे आणि चित्रपटभर तो सुटत जातो. बोलताना आपण म्हणतो, ‘अल्बर्ट पिंटो पाहिलास का?’ माणूस ठेवतो, राग सोडतो.

राडू जुडे या रुमानियन दिग्दर्शकानं मात्र नाव तोडायला जागाच ठेवली नाही. २०१८ चा त्याचा चित्रपट आहे ‘इतिहासात आपली नोंद रानटी म्हणून झाली तरी मला फिकीर नाही’. हे वाक्य त्याचं नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात रुमानियाच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत ज्यूंच्या हकालपट्टीविषयी बोलताना ते उच्चारलं गेलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रुमानियन सैन्यानं ओडेसात हजारो ज्यूंची कत्तल केली. चित्रपटात मारियाना नावाची एक तरुण दिग्दर्शिका बुखारेस्टच्या चौकात या कत्तलीचा प्रसंग जाहीरपणे उभा करायचं ठरवते. नगरपालिकेचा अधिकारी हसतमुखानं येतो, सुशिक्षित गप्पा मारतो आणि जरा सौम्य करा म्हणतो. शेवटी प्रयोग होतो. ज्यूंना कोंडलेली इमारत पेटते आणि चौकात जमलेले लोक टाळ्या वाजवतात. कार्लोव्ही व्हारी महोत्सवात याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. हे वाक्य लहान करायला गेलं तर काय उरेल? ‘रानटी’ म्हटलं तर रानटी दुसरे कुणीतरी होतात. ‘फिकीर नाही’ म्हटलं तर कशाची ते कळत नाही. तिकीट काढणाऱ्याला खिडकीपाशी ते सगळं वाक्य स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं. ‘मला फिकीर नाही’ हे शब्द एकदा आपल्या जिभेवरून जावेत, मग आत जाऊन बसावं.

काही वर्षांपूर्वी एका महोत्सवाच्या छापील वेळापत्रकात माझ्या फार आवडत्या चित्रपटाचं नाव रकान्यात मावलं नव्हतं. छापलं होतं तेवढ्याचा अर्थ ‘मी पुढे जात असताना’ एवढाच. पुढे टिंबं. मी पेन्सिलनं बाजूच्या कोऱ्या जागेत उरलेलं लिहिलं.

तो चित्रपट करणारा जोनास मेकास १९२२ मध्ये लिथुआनियातल्या सेमेनिश्केई या खेड्यात जन्मला. १९४४ मध्ये भावाबरोबर देश सोडला, वाटेत जर्मनांच्या हाती सापडून हॅम्बुर्गजवळ सक्तीच्या मजुरीवर लागला, युद्धानंतर निर्वासितांच्या छावण्यांत राहिला आणि १९४९ मध्ये न्यू यॉर्कला पोचला. थोड्याच दिवसांत उसने पैसे घेऊन त्यानं १६ मिलिमीटरचा बोलेक्स कॅमेरा घेतला आणि मग जवळजवळ सत्तर वर्षं तो जे दिसेल ते टिपत राहिला. पटकथा नाही, नट नाहीत. २०१९ मध्ये तो वारला.

२००० मध्ये त्यानं तीस वर्षांची घरगुती रिळं जोडून बारा प्रकरणांचा, ४ तास ४८ मिनिटांचा चित्रपट केला. नावाचा अर्थ, ‘मी पुढे जात असताना मधूनमधून मला सौंदर्य ओझरतं दिसलं’. बायको हॉलिस, मुलगी ऊना, मुलगा सेबॅस्टियन. वाढदिवस, सेंट्रल पार्कमधल्या सहली, खिडकीतला बर्फ, मांजर, बाळाची पहिली पावलं. कॅमेरा थरथरतो, दृश्यं डोळ्याची पापणी लवावी तशी येतात आणि जातात. मध्ये मध्ये टाइपरायटरवर टंकलेल्या पाट्या. सुरुवातीलाच तो सांगतो की ही रिळं आधी तारीखवार लावायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि फडताळावर जशी हाताला आली तशी जोडत गेला. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, हे त्यालाच ठाऊक राहिलं नव्हतं.

नाव पूर्ण वाचलं तर त्यात एक माणूस चालतो आहे आणि त्याला काही दिसतं आहे. ‘मधूनमधून’ म्हणजे सारखं नाही. ‘ओझरतं’ म्हणजे हाती लागलं नाही. छावण्यांमधून आलेल्या माणसानं हे दोन शब्द फार तोलून घातले असणार. सारं जगणं सुंदर आहे असं तो म्हणत नाही. वेळापत्रकात जेवढं छापलं होतं त्यात तो नुसताच चालत होता, त्याला काही दिसलं नव्हतं.

मध्यरात्र उलटून गेल्यावर जोडणीच्या यंत्रापाशी एकटा बसून त्यानं आपला आवाज मुद्रित केला आहे. घरातले झोपलेले आहेत, बाहेर न्यू यॉर्क आहे, आणि तो लिथुआनियन उच्चारांच्या इंग्रजीत, शब्द शोधत, थांबत बोलतो. या चित्रपटात विशेष काही घडत नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. मग एक रीळ संपतं, दुसरं सुरू होतं आणि ऊना गवतावरून चालत येते.